दुंदुभिसेन राजाचं कारलं

एका राज्यात गादी होती एक आणि हुकूम सोडणारी तोंडं होती दोन. पहिलं तोंड शशिप्रभा राणीचं. ती गादीवर बसून हुकूम सोडी, ते रीतीचंच होतं. दुसरं तोंड तिच्या बापाचं, दुंदुभिसेन राजाचं. गादीवरून उतरून त्याला सहा महिने झाले होते, पण उतरल्याची बातमी अजून त्याच्या तोंडापर्यंत पोचली नव्हती.

त्या राज्याचा कायदाच असा, की साठी भरली की राजाने मुकुट उतरवावा, लेकराच्या डोक्यावर ठेवावा आणि आराम करावा. कायदा लिहिणाऱ्या शहाण्याने मुकुट कोणत्या हाताने उतरवावा तेही लिहिलं. आराम कसा करावा ते लिहायचं मात्र राहून गेलं.

तेव्हा दुंदुभिसेन आराम करी तो असा. दिवस उजाडला की मुदपाकखान्यात जाई आणि गरजे, "फोडणीत आधी मोहरी टाक!" आचारी तीस वर्षं मोहरीच आधी टाकत होता. तिथून गजशाळेत. हत्ती शेपटीकडून धुवावा की सोंडेकडून, यावर माहुताला घटकाभर उपदेश. माहूत म्हणे, "जी महाराज." हत्ती काही म्हणत नसे, पण सोंडेत पाणी भरून तयार राही. तिथून देवळात. गुरवाला घंटा कशी वाजवावी ते शिकवायला. हसू नका. अशी माणसं काही राजवाड्यातच राहतात असं नाही.

एवढ्या सगळ्यात त्याला सोसणारी एकटी त्याची राणी, कुमुदवती. ती त्याच्या प्रत्येक हुकमाला "बरं" म्हणे आणि मनाला येईल ते करी. चाळीस वर्षांचा संसार दुसऱ्या कशाने टिकतो?

एक दिवस झालं काय, की राजवाड्यात उपदेश करायला जागाच उरली नाही. उरलं फक्त तळघर. तिथे सात कुलपांच्या आत पूर्वजांचा एक काळा रांजण होता. रांजणावर अक्षरं कोरली होती: 'ज्याच्या हाताला काम नाही, त्याने हे झाकण उघडू नये.'

दुंदुभिसेनाने ती मोठ्याने वाचली. हे नोकरांसाठी लिहिलंय, असं ठरवलं. आणि झाकण उघडलं.

त्याच वेळी कुमुदवती त्याला जेवायला बोलवायला पायऱ्या उतरत होती. बाईचं नशीब.

रांजणातून धूर निघाला, धुरातून एक यक्ष निघाला. पिंगट दाढीचा, झोपमोड झालेला.

"हात रिकामे, तोंड भरलेलं," यक्ष म्हणाला. "राजा, तुझी राणी पाखरू होईल. तिच्या शेपटीला सात सोनेरी पिसं असतील. तू एक हुकूम सोडलास की एक पीस गळेल. सातवं गळलं की ती माणसाची बोली विसरेल आणि तुलाही विसरेल."

बोलेपर्यंत पायरीवर कुमुदवती नव्हती. तिच्या जागी एक साळुंकी होती, पिवळ्या चोचीची.

"थांब!" राजा ओरडला.

एक पीस गळलं.

"शाप मागे घे!"

दुसरं गळलं. यक्ष रांजणात शिरला आणि आतून झाकण ओढून घेतलं. राजाच्या घशाला कोरड पडली. तो जिन्याकडे तोंड करून ओरडला, "पाणी आण रे कुणीतरी!"

तिसरं गळलं.

साळुंकी मान वाकडी करून त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अहो, याच चालीने गेलात तर संध्याकाळच्या आत मी झाडावर बसून किडे खाईन."

राजाने स्वतःचा शेला काढला आणि स्वतःच्याच तोंडाला बांधला. उभ्या आयुष्यात त्याने स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं काम.

सात टेकड्यांपलीकडे उग्रनाथ नावाचा मांत्रिक राहत असे. त्याने फुंकर मारली की किल्ल्याचे बुरूज उडत, अशी त्याची ख्याती. राजा साळुंकीला खांद्यावर घेऊन पायी निघाला. वाटेत तहान लागली. एका झोपडीसमोर उभा राहून तो शेल्याआडून म्हणाला, "कुणी पाणी दिलं तर बरं वाटेल."

पीस थरथरलं. पडलं नाही.

"हा अर्धा हुकूम झाला," साळुंकी म्हणाली. "जपून बोला."

उग्रनाथाच्या गुहेत कवट्या असतील, रक्ताचे सडे असतील, अशी राजाची समजूत. आत पाहतो तर टोपल्या. सुपं, परड्या, रोवळ्या, दुरड्या. मधोमध पांढऱ्या दाढीचा उग्रनाथ बांबूची कामटी सोलत बसलेला.

"बुरूज पाडून घ्यायला आला असशील तर परत जा," मांत्रिक म्हणाला. "टोपली हवी तर ने."

राजाने सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं, "शाप उतरेल का?"

"मंत्राने नाही. मंत्र मी सोडले. उग्र आसनात बसलो की गुडघे धरतात. पण उपाय आहे. तीन वस्तू कर. एक पांघरायची, एक ऐकायची, एक खायची. तुझ्या हातची. पांघरणाऱ्याला आपणहून झोप यावी. ऐकणाऱ्याने आपणहून थांबावं. आणि तिसरी वस्तू राणीने आपणहून खावी, तीही आवडीने. सांगून, धाक घालून, गळ घालून झालं तर ते धरलं जाणार नाही."

"यातलं मला काहीच येत नाही."

"येत असतं तर रांजण उघडायला गेला असतास?"

पहिली वस्तू पांघरायची, म्हणून राजाने गोधडी शिवायला घेतली. कापड कुठलं? अंगावरचा अंगरखा फाडला, शेला फाडला. कमरेला बांधलेली विजयपताका फाडायची वेळ आली तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं काय त्यात?" साळुंकी म्हणाली. "ती लढाई तुम्ही जिंकलीच नव्हती. गारा पडल्या म्हणून शत्रू घरी गेला होता."

"हे तू चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे बोलायला जागा ठेवली होती?"

राजाने पताका फाडली. मग सुई आली. दोरा काही केल्या सुईच्या नेढ्यातून जाईना. राजाने दोरा चाटला, पिळला, डोळा बारीक केला, जीभ बाहेर काढली. तीन घटका झाल्यावर साठ वर्षांचा राग उसळून आला आणि तो सुईवर गरजला, "ओवली जा!"

चौथं पीस गळलं. सुईला सोडलेला हुकूमही हुकूमच.

राजा घाबरून गप्प झाला. गप्प झाला तसा हात स्थिर झाला, आणि हात स्थिर झाला तसा दोरा गेला. त्यानंतर तो महिनाभर धावदोरा घालत राहिला. टाके दारू प्यालेल्या घोडेस्वारासारखे कधी इकडे, कधी तिकडे. बोटं टोचून टोचून चाळणी झाली. पण एक नवल घडलं. टाका घालताना त्याला मोहरी आठवली नाही, हत्ती आठवला नाही, घंटा आठवली नाही.

गोधडी झाली. उग्रनाथाला बारा वर्षं झोप नव्हती; पूर्वी बाटलीत भरलेली भुतं वेळी-अवेळी खुशाली विचारायला येत. तो भरदुपारी गोधडीची किनार नीट झाली आहे का ते पाहायला म्हणून खाली वाकला, नुसती अंगावर ओढून पाहिली आणि जो घोरू लागला, तो तिसऱ्या दिवशी उठला. भुतं दारातूनच परत गेली.

पहिली वस्तू धरली गेली आणि साळुंकीच्या पायात चांदीचं जोडवं आलं. राणीचंच. पाखराच्या बोटात ते थोडं सैल होत होतं, पण ओळखीचं होतं.

राजा साळुंकीला घेऊन राजधानीला परतला. लेक शशिप्रभा दरबार सोडून सामोरी आली. आईची ही दशा पाहून ती रडली, बापाच्या अंगावर अंगरखा नाही हे पाहून हसली, मग म्हणाली, "आबासाहेब, हवं ते मागा. धन घ्या, माणसं घ्या, जागा घ्या. दरबारात तेवढं येऊ नका."

राजाने वेळूचा एक तुकडा मागितला. त्याला भोकं पाडली आणि पावा केला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा गजशाळेतला हत्ती खाली बसला.

महिनाभराने त्याला वाटलं, आता जमलं. लेकीच्या पाया पडून एका दुपारपुरती दरबाराची परवानगी काढली आणि पावा वाजवला. प्रधान डोलला. सेनापती डोलला. राजज्योतिष्याने डोळे पुसले. "वाहवा महाराज! कोकिळा लाजली!" राजाने आशेने साळुंकीकडे पाहिलं. काहीच झालं नाही.

"का?" राजाने विचारलं.

"त्यांची मान तुमच्यासमोर आपोआपच हलते," साळुंकी म्हणाली. "मुकुट उतरला तरी सवय थोडीच उतरते? लोकांत जाऊन बसा. जिथे तुम्हाला कुणी विचारत नाही तिथे."

मग राजा नदीकाठी जाऊन बसू लागला. तिथे सगुणा परटीण धुणं धूत असे. तिच्या जिभेची धार राज्याच्या सगळ्या तलवारींना पुरून उरली असती.

"अहो बाबा," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "कुणाला मारताय की कुणी तुम्हाला मारतंय? आमचं गाढव बिथरलं."

"जरा ऐकून तर घे!" राजा म्हणाला.

पाचवं पीस गळलं. राजाने कपाळावर हात मारला, पावा उचलला आणि सगुणेपासून वीस पावलं लांब जाऊन बसला. पावसाळा गेला, हिवाळा गेला. रोज तो वाजवी, रोज सगुणा शेलके शब्द ऐकवी. राजा प्रत्युत्तर देत नसे; तिच्या धोपटण्याच्या तालावर सूर बसवायचा प्रयत्न करी. हळूहळू सूर बसले. दरबारी सूर नव्हते ते, साधे होते. दुपारच्या वेळी घरी एकटं बसलेल्या माणसाला कुणी हाक मारावी, तसे.

एके दिवशी धोपटण्याचा आवाज बंद पडला. राजाने डोळे उघडले नाहीत, वाजवत राहिला. सगुणा हातातलं धुणं विसरून उभी होती, आणि तिच्या समोरून प्रधानाची तीन धोतरं नदीतून शांतपणे शेजारच्या राज्यात चालली होती.

"मेली धोतरं!" भानावर येऊन सगुणा म्हणाली. "बाबा, ते मघाचं पुन्हा वाजवा की."

साळुंकीच्या कपाळावर कुंकवाची टिकली उमटली.

राहिली खायची वस्तू. राजाने लेकीकडून गजशाळेमागची पडीक जागा मागून घेतली. तण उपटलं, दगड वेचले, माती भुसभुशीत केली, हत्तीच्या लिदीचं खत घातलं. हत्तीने या कामी सढळ मदत केली. मग दुधी भोपळ्याच्या बिया आणल्या आणि रांगेत पेरल्या. दुधी हे राजाचं लाडकं. राजवैद्याने तरुणपणी पथ्यात सांगितला होता; तेव्हापासून राजवाड्यात दर सोमवारी दुधी शिजे आणि सगळ्यांना वाढला जाई.

पण राजा पडला जन्माचा राजा. चाळीस वर्षं रोज सकाळी सैन्याची पाहणी करायची त्याची सवय. दुसऱ्या दिवशी पहाटे तो वाफ्यात गेला आणि प्रत्येक बी उकरून काढलं. उलटंपालटं केलं, फुंकून पाहिलं, पुन्हा पुरलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दहा दिवसांत सगळ्या बिया कुजल्या. दुसरा हप्ता पेरला, तोही पाहणीत कामी आला. तिसऱ्या हप्त्याला राजाचा धीर सुटला आणि वाफ्याच्या कडेला उभा राहून तो ओरडला, "उगवा!"

सहावं पीस गळलं.

उरलं एक. राजा तिथेच मातीत बसला. आतापर्यंत साळुंकी त्याची टर उडवीत आली होती; त्या दिवशी तिने उडवली नाही. ती उडून त्याच्या गुडघ्यावर बसली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "काल सकाळी मला तुमचं नाव पटकन आठवलं नाही. आधी झाडावरच्या दाण्याची आठवण झाली, मग तुमची."

  राजाने वाफ्यातली चिमूटभर माती उचलली आणि विचारलं, "बी करतं तरी काय, मातीच्या आत?"

"कुणी पाहत नसताना जे करायचं ते करतं. तुम्ही त्याला एकटं सोडतच नाही."

राजाने चौथा हप्ता पेरला, पाणी शिंपडलं आणि वाफ्याकडे पाठ करून बसला. हत्यारबंद शत्रूकडे पाठ करणं सोपं. पेरलेल्या बियांकडे पाठ करून बसणं त्याला फार जड गेलं. हात शिवशिवत, म्हणून त्याने दुसरी गोधडी घेतली. तोंड शिवशिवे, म्हणून पावा घेतला. नवव्या दिवशी साळुंकी म्हणाली, "आता वळायला हरकत नाही."

राजा वळला. मातीतून दोन हिरवी पानं डोकावत होती. डोक्यावरून सूर्य जातो, चांदण्या जातात, त्यांच्याकडे राजाने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. या दोन पानांपुढे तो पालथा पडला.

वेल वाढला. मांडव पूर्वेला आणि वेल पश्चिमेला, गजशाळेच्या भिंतीकडे निघाला. राजाचं तोंड उघडलं. साळुंकीने डोळे मिटले. राजाने तोंड मिटलं, सुतळी घेतली आणि एकेक तणावा हाताने वळवून मांडवावर बांधला. जमतं म्हणायचं! पांढरी फुलं आली, आणि एक दुधी धरला. लांबोडा, वाकडा, प्रधानाच्या नाकासारखा, पण कोवळा.

राजाने तो स्वतः तोडला, स्वतः चिरला, स्वतः शिजवला, आणि वाटीत घालून साळुंकीपुढे ठेवला. आता तोंडात एकच शब्द होता. साधा, एका अक्षराचा. 'खा.' चाळीस वर्षं त्याने तो दर सोमवारी उच्चारला होता.

शेवटचं पीस थरथरू लागलं.

राजाने ओठ दाबले. तो शब्द गिळला. पाण्याशिवाय औषधाची गोळी गिळावी तसा. मग साळुंकीकडे पाहिलं. ती वाटीकडे पाहत होती आणि चोच उघडत नव्हती.

"का ग," राजाने विचारलं, "तुला दुधी आवडत नाही का?"

"मेलं पाणचट," साळुंकी म्हणाली. "चाळीस वर्षांत दोन हजार वेळा खाल्ला, आणि दोन हजार वेळा माहेरची आठवण काढली."

"अगं, मग पेरताना बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होता. असं खुशीत तुम्हाला मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. म्हटलं, वेल तरी होऊ दे. नाक दाबून खाईनही आता. पण ते आवडीने खाल्लेलं कसं धरलं जाईल?"

राजा वाफ्याच्या कडेला बसला. मग त्याने असा एक प्रश्न विचारला, जो त्याने चाळीस वर्षांत राणीला विचारलाच नव्हता.

"तुला काय आवडतं?"

"कारलं," साळुंकी म्हणाली. "कडूजहर. गूळ न घातलेलं."

 ऐन विशीत मुकुट पहिल्यांदा चढवला त्या दिवशी राजाने पहिला हुकूम काढला होता तो हाच, की कारलं कडू असतं, सबब राज्यात कुणी लावू नये, खाऊ नये, आणू नये. बायकोला विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

वाकडा दुधी हत्तीला गेला. हत्तीला आवडला. राजा बियांसाठी घरोघर हिंडू लागला. "तुमच्याकडे कारल्याचं बी असेल का?" लोक कानावर हात ठेवीत. "छे महाराज! कारलं म्हणजे काय असतं?" आणि त्यांच्या मागे छपरावर कारल्याचे काप वाळत असत. राजाला दिसत होते. तो दिसले नाहीत असं दाखवून पुढच्या दारी जाई. चाळीस वर्षं आपलं राज्य आपल्याला फसवत आलंय, हे कळून त्याला राग यायचा तो हसूच आलं.

शेवटी सगुणा परटिणीने परसातला पडदा बाजूला केला. भिंतभर कारल्याचा वेल.

"आम्ही याला मामा म्हणतो," ती म्हणाली. "शिपायाने ऐकलं तरी काय म्हणणार? 'आज मामा केलाय' म्हटलं की अख्ख्या आळीला कळतं. एवढे दिवस पावा ऐकवलात, हे घ्या बी."

पाचवा हप्ता. पाणी, पाठ, धीर. वेल आला, पिवळी फुलं आली. राजाने पाहणी केली नाही, वाट पाहिली. मधल्या दिवसांत साळुंकी कधी दोन-दोन दिवस गप्प बसे, आभाळाकडे पाही. मग राजा हलकेच पावा वाजवी आणि ती परत येई. सुतळीचं टोक ती आपणहून चोचीत धरी, राजा गाठ मारी. माळी आणि पाखरू असं त्यांचं काम जुळलं होतं.

एका दुपारी वेलाच्या भाराने मांडवाची एक काठी कलली. राजा धावला. एका हाताने काठी सावरली, दुसऱ्याने सुतळी गुंडाळू लागला, बाकी दाताने. त्याच्या पाठीमागे, पानांच्या आड, बोटाएवढं पहिलं कारलं लोंबत होतं. साळुंकीने ते पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं. कुणी सांगत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. तिने एक टोचा मारला. मग दुसरा.

इकडे काठी निसटत होती. राजा घामाघूम. तो मागे न बघताच हात लांबवून म्हणाला, "अगं, हे टोक धर जरा!"

आणि गोठला.

हुकूम! निखळ, अख्खा, बेलगाम हुकूम. शेवटचं पीस! त्याला मागे वळायचा धीर होईना. आता पंख फडफडतील, आता ती उडून जाईल, आता ती आपल्याला ओळखणार नाही. 

सुतळी ताणली गेली. पलीकडून कुणीतरी घट्ट धरली होती. राजाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. चोच नव्हती. पाच बोटं होती, हिरव्या बांगड्या होत्या.

कुमुदवती तोंडातलं कारलं चावत होती; हुकूम सुटला तेव्हा पीस गळायला साळुंकीच उरली नव्हती. "गाठ मारा की," ती म्हणाली. "किती वेळ धरू? हात दुखला माझा."

राजाने गाठ मारली. सैल झाली, कारण डोळ्यांतून काही दिसत नव्हतं. कुमुदवतीने ती सोडून पुन्हा मारली, आणि राजाने ती कशी मारावी हे सांगितलं नाही.

तळघरातल्या रांजणाला आपोआप तडा गेला. यक्ष बाहेर आला, जांभई दिली आणि आपल्या गावी निघून गेला. शशिप्रभा राणीने आईला मिठी मारली आणि त्याच दिवशी दवंडी पिटवली, की आजपासून मामाला कारलं म्हणावं. कायद्याच्या पोथीत एक ओळ नव्याने भरली: 'मुकुट उतरवणाऱ्याच्या हाती त्याच घटकेला खुरपं द्यावं.' आचारी मोहरी आपल्या मनाने टाकू लागला, गुरव घंटा आपल्या मनाने वाजवू लागला. दरबारात शांतता झाली. सोमवारी दुधीही शिजू लागला, पण ज्याला हवा त्याला.

आणि दुंदुभिसेन? तो लोकांना अजूनही उपदेश करतो, नाही असं नाही. पण कारल्याबद्दलच करतो, आणि कुणी ऐकलं नाही तर वेलाला पाणी घालायला निघून जातो. कुमुदवती मांडवाखाली बसते आणि रोज त्याला एक हुकूम सोडते. तो ऐकतो.

राज्याचं संकट फिटलं, राजाचे हात भरले, राणीला मनासारखं कडू मिळालं. गोष्ट इथे मावळली. ऐकणाऱ्यांनी आता उठावं. आणि घरी कुणी रिकामं बसून मोहरीवर बोलत असेल, तर त्याच्यापुढे वाद न घालता मूठभर बिया ठेवाव्यात.